बाहेर वळवलेली गर्दी

१

एकाच संकेतस्थळाचं एकच पान, एकाच वेळी, दोन माणसांनी उघडलं. नवऱ्याला त्यावर 'बंद' दिसलं, बायकोला 'खुला' दिसलं, आणि त्या दोन शब्दांच्या फटीत सापडून नवऱ्याची आई मेली.

घडलं ते असं. बर्फाच्या कारखान्यात भर दुपारी वायूची नळी फुटली. कारखान्यामागच्या वस्तीत लोक खोकत, डोळे चोळत रस्त्यावर आले. सासूबाईंची छाती आधीच नाजूक, त्यांचा श्वास घरातच अडकायला लागला. सुनेने त्यांना कसंबसं गाडीत बसवलं आणि फोनवर आरोग्य खात्याचं ते पान उघडलं. कुठल्या रुग्णालयात प्राणवायूची सोय आहे आणि कुठे नाही हे त्या पानावर कळतं. पूर्व रुग्णालय, प्राणवायू कक्ष: खुला. तिने गाडी पूर्वेला घातली. तिथल्या पहारेकऱ्याने हात हलवून सांगितलं की कक्षातली वाहिनी नादुरुस्त झालीय, कक्ष सकाळीच बंद केलाय, दुसरीकडे जा. दुसरीकडे पोचेपर्यंत सासूबाई राहिल्या नव्हत्या.

खात्याने दोन ओळींत हात झटकले. पानावरची माहिती अचूक होती, नागरिकाने ती चुकीची वाचली. बस्स.

नागरिक म्हणजे ही सून. वरच्या कार्यालयाने चौकशीला जी बाई पाठवली तिने सगळ्यात आधी या नागरिकाचंच दार वाजवलं. त्या बाईला सगळ्या खात्यांत पाठीमागे 'चाळणी' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. अर्धं आयुष्य तिने टेलिफोन केंद्रात तारा जोडण्यात घालवलं होतं. उरलेलं ती साहेब लोकांच्या थापा चाळण्यात घालवत होती. तिच्या मते माणसं दुष्टपणाने फार कमी खोटं बोलतात. बहुतेक जण आळसाने बोलतात, आणि उरलेले खुर्ची वाचवायला.

नवरा सोफ्यावर बसला होता, सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घरात बसायला दुसऱ्या खुर्च्या होत्या, तरी ती उभी होती. नणंदांनी तिच्याशी बोलणं टाकल्याला बरेच दिवस झाले होते हे चाळणीला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"मी हिच्यावर आरोप करत नाही," नवरा म्हणाला. आरोप करणारी माणसं नेहमी याच वाक्याने सुरुवात करतात. "पण तेच पान मीही पाहिलं ना. हिने फोन केला, आईला घेऊन निघतेय म्हणाली. मी लगेच पान उघडलं. पूर्व रुग्णालय, बंद. स्वच्छ दिसत होतं. आता हिला 'खुला' कसं दिसलं, ते देव जाणे. घाईत माणूस काहीही वाचतो."

"तुम्ही कुठून पाहिलंत?"

"ऑफिसातून. आरोग्यभवनात चौथ्या मजल्यावर परवाना विभागात असतो मी."

"म्हणजे ज्या खात्याचं पान, त्याच इमारतीत?"

"हो. म्हणून तर खात्रीने सांगतो."

दारातून सून पहिल्यांदाच बोलली. आवाज चढला नव्हता.

"मी एकटीने नाही वाचलं. आईंचा माझ्यावर कधी विश्वास होता? त्यांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला, डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी चष्मा चढवला, आणि स्वतः वाचलं. मग म्हणाल्या, खुला आहे, चल. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली त्यांनी. एक काना सुटला तर रात्रभर तळमळायच्या. त्यांनी 'बंद'चं 'खुला' वाचलं, असं तरी कुणी माझ्या तोंडावर सांगावं."

नवरा सोफ्याच्या हातावरची शिवण उकरत राहिला. चाळणीने त्याच्याकडे पाहिलं आणि उठली. मुद्रितशोधक बाई वाचण्यात चुकणार नव्हती. म्हणजे पानच दोन होती.

२

आरोग्यभवनाच्या तळमजल्यावर काचेच्या भिंतीआड यंत्रांची खोली होती. आत शिरताच कानात गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं. मुख्य इंजिनिअर तिथला राजा. बारीक, चिडका, येणाऱ्याकडे 'आता हे काय' अशा नजरेने पाहणारा.

"लोकांना वाचता येत नाही, बाई!" तो ओरडला.

"काय?"

"वाचता! येत! नाही!"

"आज फार गर्दी आहे का तुमच्या पानावर?"

"छे! आज नेहमीचंच. गर्दी झाली की यंत्रं तापतात आणि पंखे असे भिरभिरतात, की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. या खोलीत कुजबूज करायची सोय नाही."

त्याने तिला बाहेर व्हरांड्यात आणलं आणि उपकार केल्यासारखं समजावलं. खात्याची स्वतःची यंत्रं मोजकीच. रोजच्या माणसांना पुरतात, पण एकदम झुंबड उडाली की गुदमरतात. तेव्हा जादाची गर्दी बाहेर वळवायची. त्यासाठी एका खासगी कंपनीची यंत्रं भाड्याने घेतलेली. ती दुसरीकडे कुठेतरी असतात. पानाची एक प्रत तिथे ठेवलेली असते, आणि दर थोड्या वेळाने बाहेरची यंत्रं इथे येऊन ताजी प्रत उचलून नेतात. वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्याला वाटतं आपण खात्याच्याच दारात उभे आहोत.

"आणि कोणाला बाहेर पाठवायचं, ते कोण ठरवतं?"

"कुणीच नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं. काही आत, काही बाहेर. साहेबाच्या बायकोची चिठ्ठीसुद्धा बाहेर निघू शकते."

"तर मग सुनेला दिसली ती बाहेरची प्रत. आणि ती शिळी होती."

इंजिनिअरने खांदे उडवले. "असेल. आमच्या यंत्रांवर बरोबरच होतं. एवढंच आम्ही म्हटलंय."

"तुम्ही म्हटलंय की तिने चुकीचं वाचलं."

"ते प्रसिद्धीवाल्यांनी म्हटलंय."

"पण तुम्हाला प्रत शिळी असेल असं वाटत होतं, तरी तुम्ही बोलला नाहीत."

"मला कुणी विचारलं नाही."

चाळणीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मेलेल्या बाईचा दोष सुनेच्या माथी बसत होता, आणि हा शहाणा विचारण्याची वाट बघत होता.

मग ती लिफ्टने वर गेली. परवाना विभागात विचारलं, दुसऱ्या मजल्यावर विचारलं, चहाच्या खोलीत उभ्या असलेल्यांना विचारलं. त्या दुपारी ज्यांनी ज्यांनी कुतूहलाने पान उघडलं होतं त्या सगळ्यांना 'बंद' दिसलं होतं. तिने बर्फाच्या कारखान्यामागच्या वस्तीतल्या लोकांना आधीच विचारलं होतं. तिथल्या सगळ्यांना 'खुला' दिसलं होतं. बरेच जण पूर्वेला जाऊन परत फिरले होते. त्यांच्या छात्या धडधाकट होत्या म्हणून ते आज बोलायला शिल्लक होते.

चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर भवनातल्या दोघाचौघांच्या हाती तरी शिळं पान पडलं असतं, आणि वस्तीतल्या एखाद्याला ताजं दिसलं असतं. इथे आतल्यांना सगळं ताजं आणि बाहेरच्यांना सगळं शिळं. चिठ्ठ्या इतक्या शहाण्या नसतात. ही वाटणी कुणीतरी हाताने केली होती.

३

बाहेरच्या कंपनीचा प्रतिनिधी स्वतःच भेटायला आला. गळ्यात टाय, तोंडावर तेल लावल्यासारखं हसू. खात्यात त्याला 'टायवाला' म्हणत. त्याच्याबद्दल त्याहून जास्त कळण्यासारखं काही नव्हतं.

"आम्ही आरसा आहोत, मॅडम. समोर जे ठेवाल ते दाखवतो."

"तुमचा आरसा सकाळचं तोंड दुपारी दाखवत होता."

"कारण सकाळनंतर आम्हाला कुणी तोंडच दाखवलं नाही." हसू जराही हललं नाही. "आमची यंत्रं ताजी प्रत मागायला तुमच्या दारात येतात. त्या दिवशी सकाळी उशिरा दार लागलं. आम्ही ठोठावत राहिलो, आतून उत्तर नाही. दुपार उलटल्यावर दार उघडलं. तोवर जी प्रत हातात होती तीच आम्ही दाखवत होतो. पूर्व रुग्णालयाने कक्ष बंद केल्याचं खात्याला फोनवर कळवलं ते दार लागल्यावर. ते आमच्यापर्यंत कसं यावं?"

"दार लावलं कुणी?"

"ते आतूनच लागतं. आम्ही बाहेरून ते लावू शकत नाही. आणि अजून एक सांगतो. त्या दुपारी आमच्याकडे जादाची गर्दी आली नाही. सगळीच आली. धरण भरलं की जादाचं पाणी कालव्यात सोडतात ना? तुमच्या लोकांनी नदीच आमच्या अंगणात आणून सोडली."

"दार लागलंय, नदी अंगणात आलीय, हे तुम्हाला दिसत होतं. तुम्ही खात्यात कुणाला कळवलंत?"

"कुणालाच नाही."

"आजपर्यंतसुद्धा?"

"तुम्हीच पहिल्या विचारताय. कळवण्याची सेवा वेगळ्या योजनेत येते, मॅडम. खात्याने ती घेतलेली नाही."

असली माणसं तिने पूर्वीही पाहिली होती, पण इतक्या गुळगुळीत इस्त्रीची नाही. एखाद्याच्या घराला आग लागलेली बघून हा विचारेल, ओरडून सांगण्याचे पैसे भरलेत का?

"आतून दार लावायचा अधिकार कुणाकुणाला आहे?"

"दोघांना. इंजिनिअर आणि संचालक. पण तो अधिकार भवनात बसूनच वापरता येतो, बाहेरून नाही." टायवाला दारातून मागे वळला, आणि पहिल्यांदाच मनापासून हसला. "अर्थात संचालकांना तर संगणक सुरू करायलाही माणूस लागतो. म्हणजे राहिला एकच, नाही का?"

४

संचालकांची केबिन म्हणजे सत्काराचं दुकान. भिंतभर फोटो, आणि प्रत्येक फोटोत संचालक कुणाचा तरी हात धरून कॅमेऱ्याकडे बघत असलेले. माणूस मात्र मोकळा, गोल, गोडबोल्या. त्यांनी चाळणीला मऊ खुर्ची दिली, कॉफी मागवली, गेलेल्या बाईंसाठी दोन मिनिटं डोळे मिटले.

"मला त्यातलं काय कळतंय, बाई? माझ्या लेखी तो एक डबा. दिवे लुकलुकले की मी समजतो चालू आहे. घरी माझी नात मला फोन लावून देते." ते स्वतःच्याच अडाणीपणावर खुशीत हसले. "पण कुणाला दोष देऊ नका हो. इंजिनिअर गुणी आहे. आणि बाहेरची ती यंत्रं तरी बिचारी काय करणार? दारच लागलेलं असल्यावर ताजं पान त्यांना मिळणार कुठून? घ्या ना, बिस्किट घ्या."

चाळणीने बिस्किट घेतलं नाही. या माणसावर वेळ घालवण्यात अर्थ नाही असं तिने खुर्चीत बसता बसताच ठरवून टाकलं होतं. असे फुगे तिने आयुष्यभर पाहिले होते. टाचणी लावायला गेलं तर आत हवासुद्धा स्वतःची नसते.

"त्या दिवशी भवनात पाहुणे होते म्हणे?"

"हो तर! इतर खात्यांचे प्रमुख आपली यंत्रणा बघायला आले होते. मी थोडं बोललो. चित्रण आहे, बघाच." त्यांनी प्रसिद्धी अधिकारी बाईंना हाक मारली.

प्रसिद्धी अधिकारी तिशीतल्या, भुवया कोरलेल्या, प्रत्येक वाक्यानंतर 'सो' म्हणणाऱ्या. 'नागरिकाने चुकीचं वाचलं' हे वाक्य त्यांचंच. त्या वाक्याबद्दल त्यांना काही वाटतं का हे चाळणीने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते थोडं लांब झालं होतं, सो मी ते छोटं केलं."

त्यांनी आपल्या टेबलाशी चित्रण लावलं. काचेच्या भिंतीआडची तीच खोली. दार उघडं, यंत्रांना पाठ लावून संचालक उभे, समोर पाहुणे. संचालक बराच वेळ स्वतःबद्दल बोलले. मग प्रसिद्धी अधिकारी पुढे होऊन त्यांच्या कानात काहीतरी सांगताना दिसल्या. संचालक क्षणभर थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"मित्रांनो, आत्ताच समजलं, बर्फाच्या कारखान्यात वायुगळती झालीय. हजारो नागरिक या क्षणी आपल्या पानावर आहेत. आणि ही यंत्रं बघा. ऐका जरा. काही आवाज येतोय? एवढ्या गर्दीतही किती शांत!"

चाळणीने चित्रण तिथेच थांबवलं.

"हे कशावर घेतलंत?"

"माझ्या फोनवर. मी मागच्या रांगेत फोन टेकवून ठेवला होता."

"नंतर आवाज साफ केला?"

"नाही. एकदम क्लिअर आला होता, सो गरजच नव्हती."

मागच्या रांगेत टेकवलेला फोन, उघडं दार, आणि संचालकांचा शब्द न् शब्द ऐकू येतोय. ज्या खोलीत साध्या दिवशी ओरडावं लागतं तिथे, शहर गुदमरत असताना, पंखे कुजबुजत होते. सर्व्हर गर्दीने भरला म्हणून माणसं बाहेर पाठवली नव्हती. सर्व्हर रिकामा होता. भाषणासाठी तो रिकामा करून ठेवला होता, पाहुण्यांची वाट बघणाऱ्या दिवाणखान्यासारखा.

५

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," चाळणीने इंजिनिअरला म्हटलं. व्हरांड्यात दोघंच होते. "तुम्ही पाहुण्यांच्या शेजारी उभे आहात चित्रणात. हजारो लोक पानावर आलेत म्हणतात, आणि पंखे गप्प. तुम्हाला न कळायला तुम्ही काय खांब आहात?"

इंजिनिअरचा चिडकेपणा कुठल्या कुठे गेला. "कळलं. गर्दी सगळी बाहेर काढलीय हे कळलं."

"मग?"

"साहेबांचं भाषण चालू होतं."

"तुम्ही काढलीत?"

"नाही! मी सकाळी प्रसिद्धीवाल्या बाईंबरोबर गाडी घेऊन पाहुण्यांना आणायला गेलो होतो. थेट भाषणाच्या आधी परतलो, पाहुण्यांबरोबरच. त्यांना विचारा."

प्रसिद्धी अधिकाऱ्यांना तिने मघाशीच विचारलं होतं. सकाळभर गाडीत इंजिनिअर पाहुण्यांना कंटाळवाणं काहीतरी समजावत होता, सो त्यांना चांगलं आठवत होतं. दार लागलं तेव्हा हे दोघंही भवनात नव्हते, आणि दार भवनातूनच लागतं.

"यंत्रात नोंद राहत नाही कुणी काय केलं याची?"

"नोंदीत नुसतं 'प्रशासक' असं येतं. पासवर्ड एकच, दोघांत. नियमात बसत नाही, पण सोयीचं पडतं."

"बाहेरच्या यंत्रांना ताजी प्रत न्यायला येण्याचं दारही लावलं होतं, हे तुम्ही साहेबांच्या कानावर घातलं होतंत?"

इंजिनिअर तिच्याकडे बघतच राहिला. "दारही लावलं होतं? हे तर मी आत्ता ऐकतोय तुमच्याकडून. मला वाटलं फक्त गर्दी वळवलीय, आणि प्रत टायवाल्यांच्या गलथानपणाने शिळी राहिलीय. दार लावलं तर..." त्याने भिंतीला पाठ टेकवली. "अरे देवा. बाहेरचं काहीच आत घ्यायचं नाही असं केलं कुणीतरी. त्यात प्रत न्यायला येणारी यंत्रंही अडली."

चाळणीच्या कानात एक गोड, गोल आवाज घुमला. दारच लागलेलं असल्यावर ताजं पान त्यांना मिळणार कुठून?

टायवाल्याने ते फक्त तिला सांगितलं होतं. इंजिनिअरला ठाऊक नव्हतं. तिने स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं. मग नातीकडून फोन लावून घेणाऱ्या माणसाला दार लागल्याचं कुणी सांगितलं?

तिला आधी स्वतःचाच राग आला. समोरच्याला इतकं तुच्छ लेखलं की त्याने तोंडाने दिलेली कबुलीसुद्धा तिने बिस्किटाबरोबर नाकारली. आणि हेच तर त्या माणसाला हवं होतं. मूर्खाकडे कुणी निरखून बघत नाही. त्या गोल चेहऱ्याआड बसून त्याने किती वर्षं काढली असतील कोण जाणे.

"तुमचे साहेब," तिने विचारलं, "या खुर्चीत येण्याआधी काय होते?"

इंजिनिअरने जीभ चावली. "ही यंत्रणा उभी केली तेव्हा माझ्या जागेवर तेच होते. मला सगळं त्यांनीच शिकवलं. पण ते कुणाला सांगितलेलं त्यांना आवडत नाही."

६

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या केबिनमध्ये चाळणीने सगळ्यांना बोलावलं. इंजिनिअर दाराशी उभा होता. प्रसिद्धी अधिकारी फोनशी चाळा करत होत्या. नवरा आणि सूनही आले होते, एका सोफ्यावर दोन टोकांना. संचालकांनी त्यांच्यासाठीही कॉफी मागवली.

"चौकशीचं काम लोकांसमोर करतात का, बाई?" त्यांनी हसत विचारलं.

"यांच्यावर आळ लोकांसमोर घातलात, म्हणून," चाळणी सुनेकडे हात करत म्हणाली. "मी थोडक्यात सांगते. त्या दुपारी हा सर्व्हर गर्दीने गुदमरलेला नव्हता, रिकामा होता. तुमचं भाषण मागच्या रांगेतल्या फोनवरसुद्धा स्पष्ट ऐकू येतं. म्हणजे गर्दी जास्त झाली म्हणून कुणाला बाहेर पाठवलं नाही. शहराला मुद्दाम बाहेर काढलं, आणि भवनातल्यांना आत ठेवलं, कारण पाहुण्यांना पडद्यावर सगळं चपळ दिसायला हवं होतं. म्हणून या गृहस्थांना चौथ्या मजल्यावर ताजं पान दिसलं आणि यांच्या बायकोला रस्त्यावर शिळं. तिने वाचलं ते बरोबरच वाचलं. सासूबाईंनीही."

सुनेने मान वर केली नाही. फक्त मांडीवरच्या पिशवीचा बंद तिने बोटाला गुंडाळला होता, तो हळूहळू सोडला.

"हे भवनात बसून दोघांनाच करता येतं. इंजिनिअर पाहुण्यांबरोबर गाडीत होते. राहिलात तुम्ही."

"मी?" संचालकांनी दोन्ही हात वर केले. "अहो, मला साधं..."

"नातीचं नको. ही यंत्रणा तुम्ही उभी केलीत. आणि दार लागलं होतं हे तुम्ही मला बिस्किट देता देता सांगितलंत. तोवर ते या इमारतीत कुणालाही माहीत नव्हतं. ज्याने लावलं त्याच्याशिवाय."

संचालकांच्या चेहऱ्यावरचा गोडवा एकदम गेला नाही, उतारावर गाडी लागावी तसा हळूहळू गेला. त्याखालून जो चेहरा निघाला तो हुशार होता, आणि वैतागलेला.

"तासा-दोन तासांचा प्रश्न होता," ते म्हणाले. आवाजही आता वेगळा होता, नेमका, कोरडा. "सकाळी कुठे काही झालं होतं? पाहुण्यांसमोर पडदा अडकला असता तर यंत्रणेची नाचक्की झाली असती. बाहेरची प्रत थोडी मागे राहिली तर आभाळ कोसळत नाही. कारखान्यात वायू फुटेल हे मला स्वप्न पडलं होतं?"

"सकाळी नव्हतं पडलं. दुपारी या बाईंनी तुमच्या कानात सांगितलं. तेव्हा तुम्ही काय केलंत? दार उघडायला दोन पावलं टाकायची होती. यंत्रं तुमच्या पाठीशीच होती."

"भाषण मध्येच..." संचालक थांबले. स्वतःचं वाक्य स्वतःच्याच कानावर पडलं असावं.

"मध्येच थांबवता येत नव्हतं. उलट तुम्ही त्या माणसांच्या गुदमरण्याचा भाषणात मुद्दा केलात." चाळणीने भिंतीवरच्या पडद्याकडे मान वळवली. "लावा हो ते चित्रण. यांना ऐकू दे."

प्रसिद्धी अधिकारी एकदा साहेबांकडे बघून, एकदा चाळणीकडे बघून, ज्याची बाजू वरचढ दिसली त्याचं ऐकायला लागल्या. भिंतभर संचालक उभे राहिले. ऐका जरा. काही आवाज येतोय? एवढ्या गर्दीतही किती शांत! खुर्चीतले संचालक टेबलाकडे बघत होते. स्वतःचं चित्रण त्यांनी पहिल्यांदाच डोळे भरून पाहिलं नाही.

या वेळी चित्रण कुणी थांबवलं नाही. टाळ्या झाल्या. कुणीतरी फोन उचलून टाळ्या वाजवणाऱ्यांवर फिरवला. पुढे पाहुणे होते, त्यांच्यामागे खाली बोलावून आणलेले भवनातले कर्मचारी. त्यांच्यात, खांबाला टेकून, नवरा उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता.

सुनेने पडद्याकडे पाहिलं. मग सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे.

"तू 'बंद' वाचलंस," ती म्हणाली, "तेव्हा मी कुठे होते?"

"अगं, गाडीत..."

"कुठे जायचं हे मला अजून ठरवायचं होतं. तू 'बंद' वाचलंस. मला फोन का नाही केलास?"

"मला वाटलं तुलाही तेच दिसेल. सगळ्यांना तसंच दिसतं ना." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आणि सगळ्यांना खाली बोलावलं होतं. साहेबांचं भाषण, फोन बंद ठेवायला सांगितले होते. पाच मिनिटं म्हणून गेलो मी."

"आई दोनदा म्हणाल्या, त्याला विचार. मी लावला होता फोन. बंद होता तुझा." ती उठली. "आणि एवढे दिवस तू बहिणींसमोर मला वाचायला शिकवत होतास."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. किळस होती, आणि ती लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. कॉफीच्या कपांना वळसा घालून ती बाहेर गेली. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरली असावी, कारण पायांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

संचालकांनी घसा खाकरून एक समिती नेमण्याबद्दल काहीतरी सुरू केलं. चाळणीने त्यांना सांगितलं की वरच्या कार्यालयाचा माणूस खाली गाडीत बसला आहे, जे काही आहे ते आता त्याला सांगा, आणि जाताना इंजिनिअरलाही बरोबर न्या, त्यालाही गप्प राहण्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. प्रसिद्धी अधिकाऱ्यांना तिने एकच काम दिलं. सुनेने बरोबर वाचलं होतं हे खात्याच्या पहिल्या पानावर, तिच्या नणंदांनाही दिसेल अशा जागी लिहायचं. आणि या वेळी ते छोटं करायचं नाही.

ती पर्स उचलून निघाली तसा नवरा मागोमाग व्हरांड्यात आला.

"बाई, एक मिनिट. तुम्ही जरा तिला समजावून सांगा ना. तुमचं ऐकेल ती. माझी काही चूक नव्हती, हे आलंय ना तुमच्या चौकशीत?"

चाळणीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाला पान बरोबर दिसलं होतं," ती म्हणाली, "एवढंच आलंय."